जुन्या पिकअपला दुसरं इंजिन

सोलापूर जिल्ह्यातल्या करकंबच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या महिंद्रा बोलेरो पिकअपचं आरसी बुक उघडून पाहिलं, तर इंजिनाच्या क्षमतेपुढं २५२३ सीसी असा आकडा सापडतो. अडीच हजार हा सरळ आकडा सोडून वरचे तेवीस कुठून आले, याचं उत्तर इंचांत मिळतं. सिलिंडरचा व्यास साडेतीन इंच, पिस्टनची चाल चार इंच आणि असे चार सिलिंडर. गुणाकार केला की १५४ घनइंच येतात, आणि त्यांचे सीसी केले की २५२३. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ब्रिटनमध्ये बनणाऱ्या ट्रॅक्टरांत बीडी-१५४ नावाचं डिझेल इंजिन असे. त्याची मापं नेमकी हीच होती. महिंद्रानं १९६३ मध्ये याच कंपनीच्या भागीदारीत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. त्या ट्रॅक्टरांच्या घराण्यातली इंजिनं पुढं जीपमध्ये आली आणि जीपमधून पिकअपमध्ये. द्राक्षाच्या पेट्या घेऊन टेंभुर्णीकडं निघालेल्या गाडीच्या बॉनेटखाली मुळात शेतातलं इंजिन धडधडत असतं.

एका यंत्रासाठी बनवलेलं इंजिन दुसऱ्या यंत्रात बसवणं हा गॅरेजवाल्यांचा आचरटपणा आहे, असं शहरी वाचकाला वाटू शकतं. प्रत्यक्षात देशातल्या सर्वांत मोठ्या गाडी-कंपन्यांपैकी एकीनं हेच केलं आणि त्यावर कित्येक वर्षं धंदा केला. कारखान्यानं इंजिन बदललं तेव्हा त्याच्या मागची सगळी साखळी पुन्हा मोजली: गिअर, डिफरन्शियल, ब्रेक, रेडिएटर, कागदपत्रं. गावच्या गॅरेजमध्ये चेनकुप्पीला लटकलेलं इंजिन खाली उतरतं तेव्हा ही मोजणी बहुतेक वेळा अर्धीच झालेली असते. म्हणून ती पूर्ण कशी करायची, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

गाडी टिकवणारा मुलूख

करकंब हे पंढरपूर तालुक्यातलं मोठं गाव पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावर आहे. एका बाजूला विठ्ठलाचं पंढरपूर, दुसऱ्या बाजूला टेंभुर्णीला पुणे-सोलापूर महामार्ग. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी या टापूत आल्यापासून ऊस, द्राक्ष, डाळिंब, केळी यांचा पसारा वाढला. विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्याचं एक युनिट करकंबलाच आहे. ऊस ट्रॅक्टर-ट्रॉलीनं आणि ट्रकनं जातो. बाकी सगळं, म्हणजे दूध, भाजी, फळं, खताची पोती, ठिबकच्या नळ्या, आजारी वासरू आणि आषाढी-कार्तिकीला घरची माणसं, पिकअपच्या हौद्यातून जातं.

अशा गाडीची चॅसी आणि हौदा वीस-पंचवीस वर्षं टिकतात. इंजिन आधी थकतं. रिंगा झिजतात, ऑइल जळू लागतं, चढाला धूर आणि घरात कुरबूर सुरू होते. नवी गाडी घ्यायची तर कर्ज, आणि द्राक्षाला भाव मिळेल की नाही याची खात्री नसलेला माणूस कर्जाला बिचकतो. मग कोणीतरी सुचवतं, ‘भंगारात निघालेल्या गाडीचं इंजिन आहे, बसवून टाकू.’

हे सुचवणाऱ्याच्या हातात कसब असतं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही पुण्याची कंपनी १९४६ ची. तिची डिझेल इंजिनं विहिरीवर, नदीकाठी आणि पिठाच्या गिरणीत पोचली, तेव्हा महाराष्ट्रातल्या खेड्यांत वीज पोचायची होती. नोझल साफ करणं, हवा काढणं, लायनर-पिस्टन बदलणं हे धडे कित्येक मिस्त्री त्या इंजिनांवर शिकले. ते ज्ञान पुढं ट्रॅक्टरकडं आणि ट्रॅक्टरकडून जीपकडं वळलं. इंजिनं जशी एका वाहनातून दुसऱ्यात गेली, तसे ती दुरुस्त करणारे हातही गेले.

पेट्रोल जीप डिझेलची कशी झाली

मुंबईत महिंद्रानं १९४७ पासून विलीज जीप जुळवायला घेतली. पुढच्या काळातल्या जीपचं हरिकेन इंजिन पेट्रोलवर चाले. ते २१९९ सीसीचं, ४००० फेऱ्यांना ७२ अश्वशक्तीच्या आसपास ताकद देणारं आणि पेट्रोल मनसोक्त पिणारं होतं. याच घराण्यातून पुढं चपट्या तोंडाचे एफसी ट्रक आणि पिकअप आले.

१९७३ मध्ये जगात तेलाच्या किमती भडकल्या. भारतात डिझेल हे शेतीचं आणि मालवाहतुकीचं इंधन म्हणून सरकारनं स्वस्त ठेवलं, आणि पेट्रोलवर श्रीमंतांचं इंधन म्हणून कर लादला. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के अधिक ऊर्जा असते. शिवाय डिझेल इंजिन दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं इंधन पेटवतं. त्यात हवा साधारण वीसपट दाबली जाते, तर जुन्या पेट्रोल इंजिनात हा आकडा सातच्या आसपास असे. दाब जितका जास्त, तितका इंधनातला जास्त हिस्सा कामाला येतो. भाव कमी, ऊर्जा जास्त आणि वापर किफायती अशी तिन्ही कारणं एकत्र आल्यावर पेट्रोल जीपच्या मालकाची नजर डिझेल इंजिनाकडं वळली नसती तरच नवल.

महिंद्रानं दोन वाटांनी उत्तर दिलं. एक वाट घरातल्या ट्रॅक्टर इंजिनाची: सुमारे २३५० सीसीचं इंजिन जीपमध्ये आणि हलक्या ट्रकमध्ये बसलं. दुसरी वाट फ्रान्सची: १९७९ मध्ये प्यूजो कंपनीशी परवान्याचा करार झाला आणि एक्सडीपी ४.९० हे इंजिन महाराष्ट्रात, इगतपुरीला बनू लागलं. नावातच त्याची ओळख आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर व्यास. ८३ मिलिमीटरच्या चालीसह ते २११२ सीसीचं होतं आणि ४५०० फेऱ्यांपर्यंत जाऊन ६२ अश्वशक्ती देई. तिकडं पुण्याजवळ आकुर्डीत बजाज टेम्पो मर्सिडीजच्या परवान्याखाली २.४ लिटरचं ओएम ६१६ इंजिन बनवत होती. ते मॅटाडोर आणि ट्रॅक्समध्ये बसे. ही इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग बाजारात सहज मिळू लागल्यावर पेट्रोल जीपला ‘प्यूजो बसवून घेणं’ हा गॅरेजांचा नेहमीचा उद्योग झाला.

ओढ वेगळी, ताकद वेगळी

इंजिन निवडताना पहिला घोळ होतो तो अश्वशक्तीच्या आकड्यावरून. कोणी म्हणतं, ट्रॅक्टरचं ३५ अश्वशक्तीचं इंजिन ७२ च्या जागी कसं पुरणार? दुसरा म्हणतो, ट्रॅक्टर नांगर ओढतो, त्याला पिकअप काय जड! दोघांच्याही म्हणण्यात अर्ध सत्य आहे.

क्रँकला मिळणारा पीळ म्हणजे टॉर्क. आपण त्याला ओढ म्हणू. ही ओढ मिनिटाला किती वेळा लावली जाते, यावर अश्वशक्ती ठरते. हिशेब सोपा आहे: किलोग्रॅम-मीटरमधली ओढ गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ७१६, म्हणजे अश्वशक्ती. जीपचं पेट्रोल इंजिन ४००० फेऱ्यांना ७२ अश्वशक्ती देतं, म्हणजे तिथं त्याची ओढ सुमारे १२.९. महिंद्राच्या बी-२७५ ट्रॅक्टरचं इंजिन १८७५ फेऱ्यांना ३५ अश्वशक्ती देतं, म्हणजे ओढ सुमारे १३.४. पूर्ण फेऱ्यांवर दोघांची ओढ जवळपास सारखी आहे. फरक एवढाच, की ट्रॅक्टरचं इंजिन ती ओढ निम्म्याहून कमी फेऱ्यांना देतं आणि त्याच्यापुढं पळायला तयार नसतं. गव्हर्नर त्याला अडवतो, आणि जाड पिस्टन व लांब चाल यांमुळं जास्त पळवणं त्याच्या तब्येतीलाही मानवत नाही.

याचा रस्त्यावरचा परिणाम मोजून बघू. जुन्या जीपच्या डिफरन्शियलचं प्रमाण बहुधा ५.३८ असे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. ६.००-१६ टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर पुढं जातो. टॉप गिअरमध्ये पेट्रोल इंजिन ४००० फेरे घेतं तेव्हा गाडी ताशी १०० किलोमीटरच्या आसपास पोचते. त्याच गाडीत १८७५ फेऱ्यांवर थांबणारं इंजिन बसवलं तर वेग ताशी ४७ वर अडतो. महामार्गावर एवढ्या वेगानं जाणारी पिकअप मागच्या ट्रकला अडथळा आणि स्वतःला धोका ठरते.

उपाय म्हणजे डिफरन्शियलचा क्राऊन-पिनियन बदलणं. ५.३८ च्या जागी ३.७३ बसवलं की तेच इंजिन गाडीला ताशी ६८ पर्यंत नेतं. पण इथं काही फुकट मिळत नाही. वेग ज्या पटीनं वाढला, त्याच पटीनं चाकावरची ओढ घटली, म्हणजे जवळपास एक-तृतीयांश गेली. भरल्या हौद्यानं चढ चढताना एक गिअर खाली घ्यावा लागणार, हे आधीच समजून असावं. गाडी फोर-व्हील असेल, तर पुढचा आणि मागचा क्राऊन एकाच प्रमाणाचा हवा. नाहीतर दोन्ही धुरे एकमेकांशी झुंजतात आणि ट्रान्स्फर केस फुटते. शिवाय गिअरबॉक्सकडून केबल घेणारा स्पीडोमीटर नवं प्रमाण ओळखत नाही. गाडी खरोखर ६८ नं पळत असताना काटा ४७ दाखवत राहतो. त्याचा गिअर बदलला नाही, तर चालकाला आपला वेग कधीच खरा कळत नाही.

पेट्रोल जीपवाल्यांना प्यूजो अधिक आवडण्याचं कारण या गणितात आहे. ते ४५०० फेऱ्यांपर्यंत पळत असल्यानं जुन्या डिफरन्शियलवरही वेग राखे. मात्र खालच्या फेऱ्यांत त्याची ओढ कमी, त्यामुळं भरली गाडी उचलताना क्लच जळत असे. पुढच्या अडीच लिटरच्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनांनी यात मध्यममार्ग काढला, म्हणून माल वाहणाऱ्यांनी ती पसंत केली.

हौसिंगपासून क्रॉसपर्यंत

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बेल हौसिंग असतं. इंजिन एका कंपनीचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्याचा असला, की बोल्टांची भोकं जुळत नाहीत. मग मध्ये पोलादी अडॅप्टर प्लेट बसवतात. लेथवर ती कापणं अवघड नाही, पण केंद्र साधणं अवघड आहे. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत यायला हवा. एक-दोन दशांश मिलिमीटरचा फरकही पुढं महागात पडतो. पायलट बेअरिंग वारंवार जातं, क्लच थरथरतो, गिअर आपोआप सुटतो. मालक गिअरबॉक्सला दोष देतो आणि खरा दोष प्लेटमध्ये असतो. चांगला मिस्त्री डायल गेज लावून हौसिंगचं केंद्र तपासतो आणि जागा पक्की करायला डॉवेल पिना ठोकतो. नुसत्या बोल्टांवर केंद्र टिकत नाही.

क्लच प्लेटचे दाते इनपुट शाफ्टला जुळायला हवेत आणि तिचा व्यास नव्या फ्लायव्हीलला. म्हणून बऱ्याचदा इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स असा संपूर्ण संच एकाच गाडीतून उचलणं शहाणपणाचं ठरतं. तसं केलं तर जुळणीचं काम गिअरबॉक्सच्या मागं सरकतं आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी व कोन साधणं एवढंच उरतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे आणि शक्य तितके कमी ठेवायचे. इंजिन उंच किंवा तिरकं बसलं की कोन बिघडतो, गाडी ठरावीक वेगाला हादरते आणि क्रॉस लवकर वाजू लागतात.

फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन चॅसीवर बसवण्याचं कामही असंच जबाबदारीचं आहे. डिझेल इंजिनाचा लोखंडी ब्लॉक पेट्रोलपेक्षा जड असतो आणि त्याचे धक्केही मोठे असतात. जागा होत नाही म्हणून चॅसीचा आडवा दांडा कापणं, हा जुन्या गाडीवरचा सर्वांत घातक वार. चॅसीला कमी-जास्त वेल्डिंग केलं की शेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तिथूनच चीर सुरू होते. बोल्टनं बसणारे ब्रॅकेट बनवणं हीच सुरक्षित रीत. इंजिन खाली घेतलं तर ऑइलचा सम्प पुढच्या ॲक्सलला लागतो का, हे कमानपाटे पूर्ण दबलेले असताना पाहावं लागतं. रिकामी गाडी उभी करून घेतलेलं माप भरल्या गाडीला उपयोगी पडत नाही. पुढचं वजन वाढल्यामुळं पुढच्या कमानपाट्यांत एखादं पान वाढवावं लागतं, आणि ब्रेकही त्या वजनाला पुरतील असे हवेत.

पाणी, हवा आणि ब्रेक

इंधनातल्या ऊर्जेचा मोठा वाटा, ढोबळमानानं एक-तृतीयांश, थंड करणाऱ्या पाण्यात जातो. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. ज्या रेडिएटरनं छोट्या इंजिनाला हिवाळ्यात सांभाळलं, तो भरल्या गाडीला मे महिन्यातल्या दुपारी सांभाळेलच असं नाही. नव्या इंजिनाबरोबर त्याचाच रेडिएटर, त्याचा पंखा आणि पंख्याभोवतीचं आवरण घ्यावं. आवरण नसेल तर पंखा समोरची हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच फिरवत बसतो.

पेट्रोलवरून डिझेलवर जाताना आणखी काही गोष्टी हव्यात. कार्बुरेटरला इंधनाची एक नळी पुरते. डिझेल पंप आणि नोझल जादा डिझेल परत पाठवतात, म्हणून टाकीपर्यंत परतीची दुसरी नळी लागते. डिझेल पंपाचे आतले भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात. टाकीच्या तळाशी राहिलेलं पेट्रोल किंवा पाणी पंपाला खातं. टाकी उतरवून धुणं आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवणं या कामांना फाटा देऊ नये. प्यूजोसारख्या जुन्या इंजिनांना थंडीत सुरू व्हायला हीटर प्लग लागतात, म्हणून बॅटरी मोठी आणि अर्थिंगची तार जाड हवी.

सर्वांत गंभीर मुद्दा ब्रेकचा. ब्रेकचा बूस्टर निर्वातावर चालतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल अर्धवट मिटलेला असतो, त्यामुळं इनटेकमध्ये निर्वात आपोआप तयार होतो. डिझेल इंजिनात हवेची वाट मोकळी असते, म्हणून तिथं निर्वात मिळत नाही. डिझेल गाड्यांना यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि तो बऱ्याचदा अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. इंजिन डिझेल बसवलं आणि अल्टरनेटर जुनाच ठेवला, तर बूस्टर मेला. पेडल दगडासारखं घट्ट होतं आणि भरली गाडी थांबायला दुप्पट अंतर घेते. इंजिन बदलल्यावर पहिली चाचणी वेगाची न घेता ब्रेकची घ्यावी, ती याचसाठी.

कॉमन रेल इंजिनांची गोष्ट निराळी आहे. त्यांत इंधन किती आणि कधी सोडायचं, हे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट ठरवतं. असं इंजिन जुन्या गाडीत आणायचं म्हणजे त्याचं युनिट, सगळे सेन्सर, वायरिंगचा संपूर्ण हार्नेस, ॲक्सिलरेटरचं पेडल आणि बऱ्याचदा चावीतलं इमोबिलायझरही आणावं लागतं. एक तार चुकली की इंजिन लिंप मोडमध्ये जातं आणि वेगच घेत नाही. भारत स्टेज-६ चे प्रदूषणाचे नियम १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. त्या नियमांनुसारच्या डिझेल गाड्यांत धुराच्या प्रक्रियेची उपकरणंही या साखळीत जोडलेली असतात. म्हणूनच मिस्त्री अजून यांत्रिक पंपाची जुनी डीआय इंजिनं शोधतात. त्यांच्या कौशल्याला ती पेलतात.

मुंबईच्या टॅक्सीनं काय शिकवलं

ही अदलाबदल एका गाडीपुरती न राहता हजारो गाड्यांत झाली, तेव्हा काय घडलं हे मुंबईनं पाहिलं आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी ही कित्येक वर्षं मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होती. ती जन्मानं पेट्रोलची. स्वस्त डिझेलच्या मोहानं कित्येक टॅक्सींमध्ये डिझेल इंजिनं बसली. चालकाचा खर्च वाचला, पण शहराच्या हवेत काजळी वाढली. स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं १९९९ मध्ये परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतरच्या आदेशांनी जुन्या आणि डिझेलवर नेलेल्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडं वळावं लागलं, आणि मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. ज्यांनी आधी पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलं होतं, त्यांना पुन्हा खर्च करावा लागला.

इथं एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सीएनजी केवळ दाबानं सहज पेटत नाही, त्याला ठिणगी लागते. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग असतोच, त्यामुळं किट बसवून ते सीएनजीवर चालतं. डिझेल इंजिनात तो नसतो. म्हणून डिझेल गाडी सीएनजीवर न्यायची, तर बहुधा इंजिनच बदलावं लागतं.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ या विषयाचा कणा आहे. उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीवरचे तपशील विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात मूळ रचनेत असा बदल करता येणार नाही, हे ठामपणे सांगितलं. कायद्यात दरवाजे आहेत, पण ते ठरावीक आहेत: मान्यताप्राप्त किट बसवून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर जाणं, आणि परिवहन कार्यालयाच्या मंजुरीनं त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवणं. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेनं साडेतीन टनांखालच्या भारत स्टेज-६ गाड्यांत डिझेल इंजिनाच्या जागी सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवायलाही वाट दिली. अशी किट आणि इंजिनं पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थांकडून मंजूर झालेली असावी लागतात. मंजुरीनं केलेला बदल चौदा दिवसांच्या आत नोंदवून आरसीवर चढवून घ्यायचा असतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठं नुकसान अपघाताच्या दिवशी होतं. आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर वेगळा निघाला, की विम्याचा दावा वादात सापडतो. भंगारातून घेतलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर प्रकरण पोलिसांत जातं. म्हणून इंजिन घेताना मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि पक्कं बिल हातात असल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

हिशेब

आता पैशांचं बघू. समजा, पेट्रोलवर आठ किलोमीटर देणारी जुनी पिकअप आहे, पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर. डिझेल इंजिनानं बारा किलोमीटर दिले, तर किलोमीटरमागं सुमारे साडेपाच रुपये वाचतात. बदलाचा सगळा खर्च दोन लाख आला, तर तो ३७ हजार किलोमीटरमध्ये फिटतो. वर्षाला बारा हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला तीन वर्षं लागतात. जुन्या काळी ही अदलाबदल इतकी फोफावली, ती अशाच हिशेबामुळं.

पण आज करकंबसारख्या गावात प्रश्न वेगळा असतो. बहुतेक जुन्या पिकअप आधीच डिझेलच्या आहेत. समजा, जुनं डिझेल इंजिन अकरा किलोमीटर देतं आणि दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन साडेबारा देईल. किलोमीटरमागं वाचला एक रुपया. दीड लाख खर्च फेडायला दीड लाख किलोमीटर, म्हणजे वर्षाला बारा हजारांच्या हिशेबानं बारा वर्षांहून जास्त. तोवर हौदा आणि चॅसी शिल्लक राहतील का? शिवाय २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाल्यापासून या दोन इंधनांच्या किमतींत पूर्वीसारखी दरी राहिलेली नाही.

म्हणून निर्णय स्पष्ट आहे. डिझेल पिकअपचं इंजिन थकलं असेल, तर तेच इंजिन बांधून घ्यावं: लायनर-पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह, पंप आणि नोझल, सगळं एकदाच आणि चांगल्या मालात. ब्लॉकच फुटला असेल, तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन मंजुरीनं बसवावं. दुसऱ्या जातीचं इंजिन हा पर्याय छंदाच्या गाडीला शोभतो. रोजच्या भाकरीच्या गाडीला तो परवडत नाही.

परिवहन खात्याकडंही एक मागणी आहे. गावोगावच्या मिस्त्रींचं कसब ही राज्याची मालमत्ता आहे. त्याच जातीचं इंजिन बदलण्याची मंजुरी सोपी, वेळेत आणि तालुक्याच्या ठिकाणच्या शिबिरात मिळाली, आणि आयटीआयमधून या जुळणीचं प्रमाणित प्रशिक्षण सुरू झालं, तर आज लपूनछपून होणारं काम उजेडात येईल आणि रस्ते सुरक्षित होतील. तोपर्यंत पिकअपच्या मालकांनी एवढं करावं: चेनकुप्पी लावण्याआधी आरसी घेऊन अकलूजच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन यावं, मंजुरी लेखी घ्यावी, आणि काम झाल्यावर रिकाम्या रस्त्यावर, भरल्या हौद्यानं, आधी ब्रेक तपासावेत.